अगडातली अरुंद दारं

पाणीगेटच्या बाजूला गायकवाडांचा अगड होता. अगड म्हणजे हत्तींच्या झुंजीचं मैदान. चारी बाजूंनी उंच, जाड भिंती, एका अंगाला महाराज आणि पाहुण्यांची उंचावरची बैठक, आणि भिंतींवर दाटीवाटीनं बसलेली रयत. त्या भिंतींमध्ये ठिकठिकाणी दारं ठेवलेली होती, अगदी अरुंद. माणूस अंग चोरून झटकन आत शिरेल एवढीच. हत्तीचं मस्तकसुद्धा त्यात मावणार नाही. बडोद्याच्या साठमारीबद्दल, म्हणजे मस्तीला आलेल्या हत्तीला डिवचून त्याच्याशी झुंजण्याच्या खेळाबद्दल, मी जे वाचलं आणि घरात ऐकलं, त्यातली बाकीची वर्णनं पुसट होत गेली. ही दारं काही मनातून गेली नाहीत. कुणीतरी कधीतरी गवंड्याला माप सांगितलं असणार. एवढीच रुंदी ठेव, बोटभरही जास्त नको. अख्खा खेळ त्या मापावर उभा होता.

आता शहरात त्यातलं फारसं काही दिसत नाही. फतेपुऱ्याकडचा हाथीखाना हा आज धान्याचा घाऊक बाजार आहे. सकाळी गेलं तर गहू-तुरीची पोती, तेलाचे डबे, हमालांची घाई आणि टेम्पोवाल्यांची भांडणं. हवेत धान्याची धूळ असते आणि ती घशाला लागते. मी तिथून दर महिन्याला किराणा आणतो आणि दर वेळी मनात येतं, इथे साखळदंड रोवलेले असतील, मोठमोठी वैरण उतरत असेल, रात्री पावलं वाजत असतील.

आमच्या घरात साठमारीची गोष्ट सणावाराला हमखास निघायची. पणजोबा गायकवाड सरकारच्या खासगीत कारकून होते. त्यांनी साठमारी डोळ्यांनी पाहिलेली, आणि ती त्यांच्याकडून आजोबांकडे, आजोबांकडून आम्हा मुलांकडे आली. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माडीवर जेवणं झाल्यावर आजोबा पानाचा डबा पुढे ओढत आणि सुरू होत. मस्तीला आलेला हत्ती मैदानात सोडला जायचा. समोर साठमार. उघडं अंग, कसून बांधलेली तुमान, एका हातात भाला, दुसऱ्या हातात लाल फडकं. तो हत्तीला डिवचायचा, आरोळी द्यायचा, फडकं नाकासमोर नाचवायचा आणि हत्ती उलटला की जिवाच्या आकांतानं पळायचा. सोंड पाठीला लागते न लागते तोच माणूस दारात गडप. हत्तीचं कपाळ भिंतीवर आदळायचं. इथे आजोबा तळहात जमिनीवर आपटत. आम्ही दचकायचो आणि मग हसायचो. महाराज खूश होऊन साठमाराला कडं द्यायचे, शेला द्यायचे. गोष्ट तिथे संपायची.

ती गोष्ट शौर्याची होती, आणि साठमाराचं धाडस खोटं नव्हतंच. हत्ती पळतो तेव्हा माणसाला मागे टाकतो, हे ज्याला ठाऊक आहे तो त्याच्यापुढे उभा राहतो याला छाती लागते. साठमार मरतही. त्यांची नावं दरबाराच्या इतिहासात नाहीत, आमच्या गोष्टीतही नव्हती. कोल्हापूरला साठमारीचं मैदान आणि त्यातले गोल बुरूज आजही पाहायला मिळतात. राजर्षी शाहूंना या खेळाचं वेड होतं, आणि त्यांची सासुरवाड बडोद्याची, खानविलकरांची. त्यामुळे दोन्हीकडची मराठी माणसं एकत्र आली की साठमारीचा विषय निघतोच, आणि निघाला की प्रत्येकाची छाती थोडी फुगते. परमुलखात येऊन शेकडो वर्षं राहिलेल्या आम्हा लोकांना अशा गोष्टी जपाव्याशा वाटतात, हे मला पूर्ण समजतं. मलाही बडोदं प्राणाइतकं प्रिय आहे. म्हणूनच त्या गोष्टीत जे गाळलं गेलं ते सांगायला हवं असं वाटतं.

सगळ्यात आधी ती मस्ती. नर हत्तीला ठरावीक काळानं मद येतो. डोळा आणि कान यांच्यामधली ग्रंथी सुजते, त्यातून काळपट, उग्र वासाचा स्राव गालावरून ओघळतो, मूत्र सतत ठिबकत राहतं. शरीरातलं टेस्टोस्टेरोन नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी वाढलेलं असतं. ही अवस्था काही आठवडे, कधी काही महिने चालते. रानात असा हत्ती मैलोन्‌मैल चालतो, माद्यांचा माग काढतो, दुसऱ्या नराशी गाठ पडली तर बहुतेक वेळा त्यांच्यातला एक जण मुकाट्यानं बाजूला होतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. अगडात बाजूला व्हायची सोय नव्हती. शिवाय इथे मद येण्याची नुसती वाट पाहिली जात नसे. तूप, साखर असा खुराक महिनोन्‌महिने चारून हत्तीला मस्तीला आणलं जाई. एकीकडे पोसायचं, एकीकडे साखळीनं जखडून ठेवायचं आणि मग नेमक्या दिवशी सोडायचं. ज्या रागाशी आमचा साठमार लढला तो राग सरकारी कोठारातून आला होता.

1860 च्या दशकात खंडेराव महाराजांच्या काळात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्यात येऊन राहिला होता. खंडेरावांना कुस्त्यांचा, जवाहिरांचा आणि झुंजींचा भारी शोक. रूसलेनं अगडाचं वर्णन बारकाईनं केलं आहे. ती दारं त्यानंही टिपली आहेत. झुंज हाताबाहेर गेली की दारू उडवली जाई. फटाक्यांच्या आवाजानं आणि धुरानं हत्ती बिचकत. त्यानंही भागलं नाही तर मोठे लोखंडी चिमटे असत, आतून काटे असलेले. माणूस मागून सरपटत जाई आणि तो चिमटा हत्तीच्या मागच्या पायाला अडकवी. पाय उचलला की काटे आत जात. एवढा मोठा प्राणी जागच्या जागी थिजून उभा राहायचा. आजोबांच्या गोष्टीत चिमटा नव्हता. पणजोबांनी तो पाहिला नसेल असं मला वाटत नाही.

त्याच अगडात गेंड्यांचीही झुंज लावत. दोन गेंडे प्रेक्षकांना लांबून ओळखू यावेत म्हणून एकाला लाल रंग फासत आणि दुसऱ्याला काळा. कोण जिंकतोय ते कळायला हवं ना! गेंडा हा आसाम आणि तराईतल्या गवताळ दलदलीतला एकटा राहणारा प्राणी. चिखलात लोळून कातडी थंड ठेवणाऱ्या त्या जनावराला गुजरातेतल्या उन्हात, अंगाला रंग लावून, हजारो माणसांच्या गोंगाटात उभं केलं जायचं. त्या रंगाचा विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो. रक्तापेक्षाही तो रंग मला जास्त छळतो, कारण तो शांत डोक्यानं, आदल्या दिवशी कालवलेला असणार.

हाथीखान्याजवळ एक वयस्कर चाचा बसतात, पोती शिवायची सुतळी विकतात. त्यांचे आजोबा पिलखान्यात, म्हणजे हत्तींच्या तबेल्यात, माहूत होते. मी एकदा सुतळी घेता घेता विषय काढला. मला वाटलं, आता हत्तींच्या लढायांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. चाचा म्हणाले, त्यांच्या आजोबांनी कुठला हत्ती जिंकला ते घरात कधी सांगितलंच नाही. सांगायचे ते एवढंच की अमक्या हत्तीचा मागचा डावा पाय कायमचा अधू होता, आणि बसताना तो आधी कुठे वजन टाकायचा. हळद आणि तेल गरम करून जखमेत भरायला किती वेळ लागायचा. रात्री माश्या बसू नयेत म्हणून कोण जागायचं. चाचांनी हातानं दाखवलं, घोट्याच्या वर, मागच्या बाजूला, इथे. मग सुतळीचं बिंडं माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. एकाच मैदानाच्या या दोन आठवणी, एक कारकुनाच्या घरात राहिली, एक माहुताच्या. आमच्या घरातली जास्त रंगतदार होती. त्यांच्या घरातली मला जास्त खरी वाटते.

यावर ठरलेलं उत्तर असतं: तो काळच तसा होता. हे मी जवळच्या, शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलं आहे. मला ते अजिबात पटत नाही. कोणता काळ? त्याच शतकात याच गुजरातेत महाजन पांजरापोळी चालवत होते, म्हातारी, लंगडी जनावरं सांभाळत होते. पोळांच्या, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांच्या, तोंडाशी पाखरांसाठी चबुतरे उभे होते, त्यांवर रोज दाणे पडत होते. अगडाच्या भिंतीवर चढून ओरडणारी माणसं आणि सकाळी चबुतऱ्यावर ज्वारी टाकणारी माणसं एकाच शहरात राहत होती. प्राण्याला दुखतं हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं नव्हतं. ते कळूनही खेळ चालला, कारण तो दरबाराचा होता.

आणि साहेबांचं काय? नोव्हेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, बडोद्याला आला. त्याच वर्षी मल्हारराव गादीवरून गेले होते आणि कवळाण्याहून आणलेला गोपाळ सयाजीराव होऊन गादीवर बसला होता. वय वर्षं 12. युवराजाच्या सन्मानार्थ अगडात झुंजी लावल्या गेल्या. ज्या इंग्लंडातून हा पाहुणा आला त्या इंग्लंडनं 1835 सालीच कायदा करून बैलांवर आणि अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजी, सगळं बंद केलं होतं. म्हणजे आपल्या घरी जो गुन्हा, तो हिंदुस्थानात मानाच्या खुर्चीवर बसून पाहिला गेला. नंतर त्यावर पौर्वात्य रानटीपणाचे शेरे मारायलाही गोरे लोक मोकळेच. मला राग गायकवाडांपेक्षा या बैठकीचा जास्त येतो. आणि त्या बैठकीत शेजारी बसलेल्या 12 वर्षांच्या मुलाबद्दल कणव वाटते. त्याच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला कळायला मार्ग नाही. सयाजीरावांनी पुढे शिकारी केल्या, हेही खरं. पण 1879 साली त्यांच्याच नावानं बाग झाली, तिथे प्राणिसंग्रहालय झालं, आणि बडोद्याच्या मुलांना वाघ बघायला पिंजऱ्यापर्यंत का होईना, पण झुंजीविना जाता आलं. त्या बागेतला, म्हणजे आमच्या कमाटी बागेतला, वाघ लहानपणी मीही पाहिला आहे, गजाला नाक लावून.

अगडाच्या बाहेरच्या शिकारीबद्दल माझं मन इतकं सरळ नाही. मकरपुऱ्याला गायकवाडांचं शिकारीचं रान होतं, मही नदीकाठच्या डबका गावी दुसरं. मकरपुऱ्याच्या माळावर काळविटांचे कळप असत आणि त्यांच्यावर चित्ते सोडत. चित्त्याची शिकार हे विलक्षण कसब होतं आणि त्याबद्दल वाचताना मी भान हरपून वाचत जातो. चित्ता पिल्लू असताना धरून उपयोग नसे. शिकार त्याला आईच शिकवते, माणसाला ती शिकवता येत नाही. म्हणून पूर्ण वाढलेला, शिकलेला चित्ता धरत. ज्या झाडापाशी चित्ते खूण करायला येतात त्याच्याभोवती कातड्या-तातीचे फास मांडत. धरलेल्या जनावराला खाटेला जखडून, डोळ्यांवर टोपी चढवून, भर वस्तीत ठेवत. बायका-पोरांनी त्याच्याशेजारी बसून अखंड बडबड करायची, म्हणजे माणसाच्या आवाजाची त्याला सवय होते. काही महिन्यांत तो माणसाळे. मग बैलगाडीत बसवून माळावर न्यायचा. काळविटांना गाडी ओळखीची, ते बुजत नसत. पुरेसं जवळ गेलं की टोपी काढायची. पुढचे काही क्षण जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी धावतो. त्यानं काळविटाचा गळा धरला की चित्तेवान पळत जाऊन लाकडी पळीत गरम रक्त धरायचा आणि त्याच्या तोंडाशी न्यायचा. चित्ता रक्त चाटायला लागला की शिकार हळूच काढून घ्यायची आणि टोपी परत डोळ्यांवर.

हे कसब पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेलेलं होतं. पण त्याचा हिशोबही मांडायला हवा. त्या काळी माणसाच्या कैदेत चित्ता जवळजवळ वीतच नसे. जहांगीरनं आपल्या बापाजवळ हजार चित्ते असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि कैदेत पिल्लं झाल्याची नोंद त्याच्या काळातली, ती एकच. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून काढलेला, वयात आलेला, ज्याला पिल्लं झाली असती असा. राजवाडे भरत गेले तशी रानं रिकामी होत गेली. विसाव्या शतकात संस्थानिकांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले, तरी खेळ थांबला नाही. 1947 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले, हेच आपल्याकडचे शेवटचे म्हणून धरतात. 1952 साली सरकारनं चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर केलं. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून 8 चित्ते कूनोत आले तेव्हा आमच्या घरी टीव्हीपुढे सगळे जमले होते. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी मकरपुऱ्याचा माळ आठवला. तिथे आता जीआयडीसी आहे, कारखान्यांच्या शेडमागून शेड. महालात हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. काळवीट तिथे कुणी पाहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. 1972 चा वन्यजीव कायदा आला, चांगलंच झालं. आज छोटा उदेपूरकडच्या एखाद्या राठवा आदिवासीनं फासात तितर धरला तर तो गुन्हेगार. तर संस्थानी दिवाणखान्यांतले पेंढा भरलेले वाघ, रीतसर जाहीर करून मालकीचा दाखला घेतला असेल तर, कायदेशीर. भुकेची शिकार आणि शौकाची शिकार यांना एकाच मापानं मोजू नये असं मला वाटतं. तितर मारायला परवानगी द्या असं मी म्हणत नाही. पण भिंतीवरच्या वाघाखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी त्या राठव्याला रानटी म्हणू नये.

1960 च्या कायद्यानं प्राण्यांना झुंजीला लावणं गुन्हा ठरवलं. अगड संपला. पण त्या भिंतीवर बसून बघणारा माणूस संपला आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध, शेकडो. पूर आला की त्या रस्त्यावर येतात, आणि प्राणिमित्र मुलं मध्यरात्री जाऊन त्यांना दोरीनं बांधून सुखरूप परत पोचवतात. त्या मुलांचा मला फार अभिमान आहे. मात्र काळा घोड्याच्या पुलावर हिवाळ्यात थांबून बघा. खाली काठावर मगर उन्हाला पडलेली असते. जबडा उघडा, डोळे मिटलेले, काही करत नाही, करायचं कारणही नाही. पुलावर दुचाक्या थांबतात, मोबाइल निघतात. थोडा वेळ जातो. मग कुणीतरी म्हणतं, ही हलत का नाही? आणि खाली खडा पडतो. मी दोनदा तिथे भांडलो आहे. खडा मारणारा मुलगा गुंड नव्हता, कुणाच्या तरी घरचा नीटनेटका मुलगा होता. जनावर आहे तर त्यानं आपल्यासाठी काहीतरी करून दाखवावं, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि उत्तरायण. 14 आणि 15 जानेवारीला बडोद्यात घरात कुणी नसतं, सगळं शहर धाब्यावर, म्हणजे गच्चीवर असतं. उंधियू, जिलबी, गच्च्यागच्च्यांवर स्पीकर, आणि दर मिनिटाला ‘काप्यो छे!’ मला हा सण मनापासून आवडतो. पण मांज्याला काच लावलेली असते ती कापण्यासाठीच, आणि ती पतंगाची दोरी आणि ढोकरीचा पंख यांत फरक करत नाही. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. सुती मांजाही कापतोच. कबुतरं, घारी, अवाक (शराटी), बगळे सकाळी उजाडताना बाहेर पडतात आणि संध्याकाळी थव्यानं घरट्याकडे परततात, नेमक्या त्याच वेळी आभाळ दोऱ्यांनी भरलेलं असतं. पंखाच्या सांध्यात दोरा अडकला की पाखरू सुटायला झटापट करतं आणि प्रत्येक झटक्यागणिक तो हाडापर्यंत जातो. पंख आतून शिवता येतो, पण स्नायू तुटला असेल तर ते पाखरू पुन्हा उडत नाही. वनखातं आणि संस्था मिळून या दिवसांत करुणा अभियान चालवतात. तिथल्या टेबलावर मी पुठ्ठ्याची खोकी ओळीनं मांडलेली पाहिली आहेत, प्रत्येकावर वेळ लिहिलेली. बहुतेक खोक्यांवरच्या वेळा संध्याकाळच्या होत्या.

यात कुणालाच पाखरू मारायचं नसतं, हे मला माहीत आहे. भाचा माझ्याशी यावरूनच वाद घालतो. म्हणतो, मामा, साठमारीशी याची बरोबरी करू नका, तिथे मुद्दाम होतं. बरोबर आहे त्याचं. पण पतंगाच्या आभाळातही आपल्याकडे जिना आहे, खाली उतरता येतं. पाखराला त्याच आभाळातून घरी जायचं असतं. भाच्यानं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, मग दुपारी उडवू. आमच्या धाब्यावर आता तसंच ठरलं आहे: सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी पाचला फिरकी गुंडाळायची, आणि तुटलेला मांजा झाडांवर सोडायचा नाही, गोळा करून जाळायचा. शेजारच्या धाब्यांवर अजून असं काही ठरलेलं नाही. तिथे डिसेंबरातच जाऊन बोलावं लागेल, मांजाची खरेदी व्हायच्या आधी. भाचा बरोबर येतो म्हणाला आहे.